पेपर सुटेपर्यंत

महाळुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, दोन कंपन्यांच्या उंच भिंतींच्या मधे वाघजाई माध्यमिक विद्यालय आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला शाळा चटकन दिसत नाही. आधी कंटेनरांची रांग दिसते, मग चहाची टपरी, मग पत्र्याचं फाटक. ही शाळा झाली तेव्हा इथे एकही कंपनी नव्हती. आठवीच्या पुढे शिकायचं तर पोरांना चाकणला पायी जावं लागायचं, म्हणून गावाने स्वतःची शाळा काढली. पहिले वर्ग देवळाच्या सभामंडपात भरले. नंतर, पुढे संस्थेचे अध्यक्ष झालेल्या अर्जुनरावांच्या वडिलांनी आपलं बाजरीचं रान दिलं, गावातल्या बायामाणसांनी दगडमाती वाहिली आणि चार खोल्या उभ्या राहिल्या.

पुढे जमिनी गेल्या, कंपन्या आल्या. गावातली घरं तीनमजली झाली आणि त्या घरांतली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळांत जाऊ लागली. वाघजाई विद्यालय बंद पडायला आलं होतं, पण पडलं नाही, कारण त्याच कंपन्यांत कामाला आलेल्या माणसांची मुलं होती. हिंगोली, वाशिम, बीड, नांदेड. हजेरी घेताना गावातलं आडनाव क्वचितच यायचं. पालकसभा गुरुवारी ठेवायची, कारण कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. दिवाळीला गावी गेलेली मुलं परत येतील की नाही, ते ज्या त्या वर्षी कळायचं.

सुमनताई या शाळेत मराठीच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि इथेच मुख्याध्यापिका झाल्या. मुलं त्यांना बाई म्हणत. लग्न झालेलं नव्हतं, भाऊ-भावजय चिंचवडला, त्यांचं सगळं आयुष्य या चार खोल्यांत आणि नंतर बांधलेल्या वरच्या मजल्यावर गेलं होतं. एखादं मूल दोन दिवस आलं नाही की संध्याकाळी त्या त्याच्या खोलीवर जात. बाप रात्रपाळीचा असला तर सकाळी जात. त्यांना सगळ्यात जास्त धास्ती दहावीच्या मुलींची. काही वर्षांपूर्वी वाशिमची एक हुशार मुलगी आजोबांच्या मातीला म्हणून ऐन परीक्षेत गावी गेली. "आठ दिवसांत येते बाई," म्हणाली होती. पुढच्या वर्षी बाईंना ती बसथांब्यावर दिसली, कडेवर बाळ घेऊन. तिने बाईंना ओळख दिली नाही.

स्वरूपा दहावीला होती. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावकडची. वडील सयाजी एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, ठेकेदाराकडे कामाला होते, आई रुक्मिणी घरीच रबराच्या भागांची छाटणी करायची. स्वरूपा सहावीत आली तेव्हा तिच्या बोलण्याला वर्ग हसायचा. "जायलाव" म्हणाली की मागच्या बाकावरून कुणीतरी नक्कल करायचं. तिने उत्तर दिलं नाही, पण इंग्रजीत अशी काही पुढे गेली की नक्कल करणारे तिच्याच वहीत बघू लागले. सयाजीला लेकीच्या इंग्रजीचं फार कौतुक. पालकसभेला तो कंपनीच्या निळ्या शर्टातच यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि सभा संपली की हळूच विचारायचा, "बाई, सरू बोलती का वर्गात इंग्रजी? घरी म्हनतो बोलून दाखव, तर लाजायली."

परीक्षेचं केंद्र याच शाळेत होतं. त्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता. मुलं आत गेली, फाटक लागलं, हवालदार खुर्चीवर बसले. अर्जुनराव नेहमीप्रमाणे व्हरांड्याच्या कट्ट्यावर येऊन बसले होते. वय झालं होतं, संस्थेचं अध्यक्षपद मुलाकडे, शेखरकडे गेलं होतं, पण परीक्षेच्या दिवशी ते येत, कुणाशी फारसं न बोलता बसत आणि पेपर सुटला की घरी जात.

पेपर वाटायला थोडाच वेळ होता तेव्हा फाटकाशी आवाज चढले. हवालदार कुणालातरी अडवत होते. बाई गेल्या तर सयाजीच्या शेजारच्या खोलीत राहणारा, त्याच्याच गावचा दत्तोबा उभा होता. मोटरसायकल तशीच रस्त्यात टाकलेली. अंगावर कंपनीचा शर्ट आणि त्यावर रक्ताचे डाग.

"बाई, सयाजीला लागलंय," तो म्हणाला. "लई लागलंय. लोखंडाची जड डाय उचलायलो होतो, पट्टा तुटला, त्येच्या कमरंवर आली."

"कुठे आहेत? शुद्ध आहे?"

"दवाखान्यात नेलंय. शुद्ध हाय, बोलायलाय. पर डाक्टर म्हनाले, आतमधी रक्त सांडायलंय, आप्रेशन करावं लागतंय."

"स्वरूपा आत आहे. मी तिला—"

"न्हाई, न्हाई." दत्तोबाने घाईने फोन काढला. "वहिनी बोलायच्यात तुमच्याशी. त्याच्यासाठीच आलो. म्हनलं, कुनी दुसऱ्यानं येऊन पोरीला सांगू नये."

फोनवर रुक्मिणीचा आवाज अगदी सपाट होता. मागे स्ट्रेचरची चाकं वाजत होती. "बाई, सरूला सांगू नका. ह्येंनीच सांगायला लावलंय. म्हनायलेत, लेकराचा पेपर चुकवू नका. सुटल्यावर आना."

"रुक्मिणीताई, डॉक्टर नक्की काय म्हणाले?"

"मला काय कळतंय बाई? इकडून तिकडं पळवायलेत. ह्येंनी म्हनले तसं करा. तुमच्या पाया पडते."

बाई केंद्रसंचालकांकडे गेल्या. ते दुसऱ्या शाळेतून आलेले, सज्जन गृहस्थ. ऐकून त्यांनी चष्मा काढला. "मुलीला जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण एकदा पेपर हातात पडला की मधेच सोडणं अवघड. तुम्ही तिला ओळखता बाई. तुम्ही सांगा, तसं करू."

बाई व्हरांड्यात आल्या. कट्ट्यावरून अर्जुनरावांनी सगळं पाहिलं होतं. "काय झालं वो?"

बाईंनी सांगितलं.

"मंग पोरीला भायेर बोलवा," अर्जुनराव लगेच म्हणाले. "शेखरला सांगून गाडी मागिवतो."

"वडिलांनीच सांगितलंय, पेपर होऊ द्या म्हणून."

"त्यो सांगनारच. बाप हाय त्यो. पेपर काय बाई, दरसाली येत्यात."

"अर्जुनराव, पेपर दरवर्षी येतो. मुली दरवर्षी येत नाहीत. एकदा सुटली की सुटली. मी किती बघितल्यात."

"व्हय, तुमी बगितल्यात. मी न्हाई म्हनत न्हाई." म्हाताऱ्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पर आत बसलीया ती एक हाय. तिचं काय?"

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. घंटा झाली. आत प्रश्नपत्रिकांची पाकिटं फुटली, पानं वाटल्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. अजूनही त्या जाऊ शकत होत्या. ऑपरेशनला वेळ लागतो, त्या मनाशी म्हणत होत्या. ऑपरेशन होईल, तोवर पेपर सुटेल, मुलीला गाडीत घालून नेऊ. तो शुद्धीवर येईल तेव्हा ती समोर असेल, पेपर छान गेला म्हणून सांगेल. त्यांना ते चित्र स्पष्ट दिसत होतं आणि त्या चित्रावर त्यांनी विश्वास ठेवला. दत्तोबाला त्यांनी सांगितलं, "तुम्ही दवाखान्यात जा. पेपर सुटला की मी तिला घेऊन येते."

मग त्या वर्गाच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. स्वरूपा भिंतीकडच्या रांगेत होती. दोन वेण्या, तेल लावून चापून बांधलेल्या. मान खाली घालून लिहीत होती. मधेच तिने मान वर केली, हाताची बोटं मोडली आणि खिडकीकडे पाहिलं. बाई दिसताच हसली, सोपा आहे अशा अर्थाने डोळे मिचकावले. बाईही हसल्या. ती परत लिहायला लागली.

बाई तिथून हलल्या नाहीत. पर्यवेक्षिकेने खुर्ची आणून दिली, ती तशीच राहिली. पलीकडच्या कंपनीत पत्रा ठोकल्याचा आवाज रोजच्यासारखा एका लयीत येत होता. ज्या आवाजाची त्यांना इतक्या वर्षांत सवय झाली होती, तो आज त्यांना ठोका ठोका ऐकू येत होता.

बारा वाजून गेल्यावर फोन थरथरला. दत्तोबा होता.

"बाई, गेला."

"ऑपरेशन?"

"टेबलावर घ्यायच्या आधीच. सरू कुठंय, सरू कुठंय, असं दोनदा इचारला. मंग गेला."

बाई कट्ट्यापाशी आल्या आणि अर्जुनरावांच्या शेजारी बसल्या. म्हाताऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तो काही लावून बोलेल असं बाईंना वाटलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

"आता बोलावू का तिला?" बाईंनी विचारलं.

"आता कशाला?" अर्जुनराव हलकेच म्हणाले. "आता सुटू द्या पेपर. आता काय घाई हाय?"

पेपर सुटला. मुलं लोंढ्याने बाहेर आली, प्रश्नपत्रिका हलवत, एकमेकांना उत्तरं विचारत. स्वरूपा पळतच आली. "बाई, निबंध तोच आला! तुम्ही म्हणालात ना, आपल्या माणसावर लिहायची तयारी करून ठेव? मी पप्पांवर लिहिला. माय फादर. दोन पानं भरली, पुरवणी घेतली!"

बाईंनी तिचा हात धरला. "चल बाळा. गाडी उभी आहे. पप्पांना कंपनीत लागलंय. दवाखान्यात जाऊ."

"लागलंय? म्हणजे किती?"

"चल तर."

शेखरने गाडी काढली होती. महाळुंग्याच्या चौकात नेहमीसारखी कंटेनरांनी वाट अडवली होती. स्वरूपा पुढच्या काचेतून बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "फ्रॅक्चर आहे का बाई?" बाईंनी मान हलवली, ती हो की नाही हे तिला कळेना. मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

बाईंच्या तोंडून निघालं, "आत्ताच." आणि म्हणताक्षणी त्यांना कळलं की हे तासाभरातच खोटं पडणार आहे. पण शब्द निघून गेला होता. शेखरने आरशातून एकदा पाहिलं आणि नजर रस्त्यावर वळवली.

दवाखान्याच्या आवारात रुक्मिणी जमिनीवर बसली होती, भोवती खोल्यांवरच्या बायका. तिला पाहूनच स्वरूपाला कळलं. ती ओरडली नाही. आईपाशी जाऊन बसली आणि आईचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. रुक्मिणी तिला कवळून रडत रडत बोलू लागली, "तुझंच नाव घ्यायलते गं... माझी सरू कुठंय म्हनायलते... इंग्रजीचा पेपर हाय म्हनलं, तर बरं म्हनले... मंग पुन्ना इचारायलते..."

"कधी?" स्वरूपाने विचारलं. "कधी विचारत होते?"

"मगाशीच. तुझा पेपर चालू व्हता. बाईला फोन केलता की मी, तुला सांगू नका म्हनून."

स्वरूपाने मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं. बाई तिथे उभ्या होत्या, हातात तिची पाण्याची बाटली आणि पाऊच. मग पोर उठली, बाईंच्या हातातलं पाऊच आणि बाटली घेतली आणि परत आईपाशी जाऊन बसली.

रात्रीच गाडी करून ते सयाजीला गावी घेऊन गेले. पुढच्या पेपरला स्वरूपाची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्यालाही. बाई रोज त्या खोलीत एकदा डोकावत आणि निघून जात. शाळेत सगळ्यांना कळलं होतं. काही शिक्षक म्हणाले, बाई, तुम्ही वडिलांची इच्छा पाळलीत. काही गप्प राहिले. बाईंना दोन्हींनी सारखाच त्रास झाला.

दिवसकार्य झाल्यावर मायलेकी परत आल्या. गावी शेत दिरांच्या ताब्यात, राहायला जागा नव्हती. ठेकेदाराने रुक्मिणीला दुसऱ्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लावून दिलं. हे कळलं त्या संध्याकाळी बाई त्यांच्या खोलीवर गेल्या. एका ओळीत आठ-दहा खोल्या, समोर सामाईक नळ. रुक्मिणी कामावर होती. स्वरूपा दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने "या बाई" म्हटलं, आतून पाट आणला, पाणी दिलं. सगळं रीतसर. मग पुन्हा सूप हातात घेतलं.

"जुलैत पुरवणी परीक्षा असते," बाई म्हणाल्या. "राहिलेले पेपर देता येतील. मी शिकवायला येईन. इथे येईन, तुला शाळेत यायला नको वाटत असेल तर."

स्वरूपा तांदळातून खडे काढत राहिली.

"पप्पांनी तसं सांगितलं होतं, बाळ. आईनेही. म्हणून—"

"पप्पांनी सांगितलं," स्वरूपा म्हणाली. "आईनं सांगितलं. तुम्ही ठरवलं. मला कुणी विचारलं?"

तिने आणखी एक खडा काढून बाजूला टाकला.

"मी गेले असते. नाहीतर बसूनही लिहिला असता, ते म्हणाले म्हणून. मला माहीत नाही मी काय केलं असतं. पण मला माहीत तर असतं ना, की पप्पा तिकडं आहेत. मी मजेत लिहीत होते बाई. त्यांच्यावरच लिहीत होते, माय फादर इज व्हेरी स्ट्राँग म्हणून, आणि ते तिकडं..." तिने सूप खाली ठेवलं. "आणि तुम्ही खिडकीतून हसलात माझ्याकडे बघून."

"हो," बाई म्हणाल्या. "हसले."

"आणि गाडीत म्हणालात, आत्ताच कळलं."

"खोटं बोलले. माझं चुकलं, स्वरूपा. ते गाडीतलंही आणि आधीचंही. तुला विचारायला हवं होतं."

स्वरूपा रडेल असं बाईंना वाटलं, पण तिने नळाकडे पाहिलं. पाणी यायची वेळ झाली होती, बायका हंडे घेऊन येऊ लागल्या होत्या. "मला पाणी भरायचंय," ती म्हणाली आणि घागर घेऊन उठली. बाई थोडा वेळ पाटावर बसून राहिल्या. मग निघाल्या. नळावर रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी त्यांना वाट करून दिली. स्वरूपाची पाठ त्यांच्याकडे होती.

त्यानंतर बाई तिकडे गेल्या नाहीत. बीजगणित शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेला, सायलीला, त्यांनी सांगितलं, "माझं नाव काढू नकोस. तू जा." सायली उन्हाळाभर जात राहिली. परत आल्यावर ती आपणहून सांगायची, आज भूमिती झाली, आज विज्ञान. बाई ऐकून घेत आणि काही विचारत नसत. निकाल लागला तेव्हा गुणपत्रकावर चार विषयांपुढे गैरहजर होतं आणि इंग्रजीत शाळेत सगळ्यांत जास्त गुण होते. फळ्यावर नावं लिहिताना सायलीने विचारलं, "लिहू का?" बाई म्हणाल्या, "तिला विचारून लिही." सायली विचारून आली. नको म्हणाली होती. नाव लिहिलं नाही.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात बाईंनी सगळ्या शिक्षकांना बसवलं. फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्या मुलांचे आईवडील यंत्रांवर काम करतात. असा निरोप पुन्हा येईल. आला की मुलाला बाजूला घ्यायचं, खरं काय ते सांगायचं आणि त्याला काय करायचंय ते विचारायचं. परीक्षा असो, काही असो. मी या खुर्चीत असेन किंवा नसेन." कुणी हरकत घेतली नाही. अर्जुनरावांना हे शेखरने घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं," आणि मग, "पर त्या पोरीला काय त्याचं?"

पुरवणी परीक्षेला स्वरूपा बसली. केंद्र चाकणला होतं. सगळे विषय सुटले.

ऑगस्टच्या शेवटी ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. कार्यालयात बाईच होत्या. ती दारात थांबली, मग आत आली. उंच झाली होती, किंवा वाळल्यामुळे तशी वाटत होती. बाईंनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

"कुठे प्रवेश घेतलास?"

"चाकणच्या कॉलेजला. आर्ट्सला. इंग्रजी घ्यायचंय."

"छान."

दाखला हातात घेऊनही ती उभीच राहिली. खालच्या वर्गात कुणीतरी मोठ्याने पाढे म्हणत होतं. "बाई," ती म्हणाली, "मी तुमच्यावर रागावलेली नाही आता. पण तुम्हाला बघितलं की मला तो दिवसच दिसतो. मला बोलता येत नाही तुमच्याशी."

"नको बोलूस," बाई म्हणाल्या. "बोललंच पाहिजे असं काही नाही."

तिने मान हलवली. दारापर्यंत गेली आणि तिथून, अडखळत, विचारलं, "सकाळच्या कॉलेजला इथून बस कुठं मिळते? फर्स्ट शिफ्टची गर्दी असते, थांबतच नाही कुठली."

"चौकात नको थांबू. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी थांब. तिथे बस रिकामी असते. कंडक्टर ओळखीचे आहेत, शाळेचं नाव सांग."

"बरं," ती म्हणाली.

फाटकाबाहेर रुक्मिणी कॅन्टीनच्या कपड्यांत उभी होती, कामावर जायची घाई होती. लेक आली तशी ती चालू लागली, आणि दोघी कंटेनरांच्या कडेकडेने, एकीमागे एक, चौकाकडे निघून गेल्या. बाईंनी शाईचं पॅड मिटलं. पुढच्या तासाची घंटा झाली होती आणि नववीचा वर्ग मराठीच्या तासाला त्यांची वाट पाहत होता.